रक्ताचा कागद नीट वाचू या



आज आपण जरा लाजेच्या विषयावर बोलणार आहोत. लाजून गप्प बसल्याने घरे मोडतात, म्हणून बोलायचे. विषय आहे हर्पीस नावाच्या दुखण्याचा, आणि रक्त तपासून त्याबद्दल जो कागद मिळतो त्याचा.

आपलं पनवेल औषधांचं जुनं गाव. धूतपापेश्वरचा कारखाना इथं १८७२ साली निघाला. औषध कसं घ्यावं हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. तपासणीचा कागद कसा वाचावा, हे मात्र आपण अजून शिकतो आहोत.

आधी नावाचा घोळ सोडवू. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात, आग होते, त्याला आपण नागीण म्हणतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे म्हातारी माणसे सांगतात. ते खरे नाही. नागीण होते कांजिण्यांच्या जंतूमुळे. आजचा हर्पीस तिचा भाऊबंद, पण वेगळा. त्याचे दोन प्रकार आहेत. एक नंबरचा बहुधा ओठावर पुटकुळ्या आणतो. दोन नंबरचा बहुधा लघवीच्या जागी फोड आणतो आणि शरीरसंबंधातून लागतो. कधी कधी एक नंबरचाही तिथं होतो.

मध्यंतरी एका सूनबाईचा कागद आमच्याकडे वाचायला आला. तिला काही दुखत नव्हते. घरच्यांनी 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द वाचला, आणि तिला माहेरी धाडायची भाषा सुरू झाली. आम्ही सासऱ्यांना म्हटले, "तात्या, अलीकडचा आकडा वाचा." तिथे 'एक' होता. हा एक नंबरचा जंतू लहानपणी घरच्याच माणसांच्या पाप्यांतून लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात ५० वर्षांखालची ३८० कोटी माणसे तो बाळगून आहेत. तात्यांच्या रक्तातही तो असेल! त्यावरून सुनेच्या चालीवर बोट ठेवायचे?

रक्ताची तपासणी जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला शरीर जे द्रव्य तयार करते, ते ती शोधते. भाताच्या खाचरात सकाळी कोल्ह्याचे पाऊल दिसावे, तसे हे. कोल्हा येऊन गेला एवढे कळते. कधी आला, कोणत्या बांधावरून आला, ते पाऊल सांगत नाही. म्हणून नवऱ्याने दिला की बायकोने, हे कागदावरून ठरत नाही. दहा वर्षांपूर्वी लागलेला जंतूही आज दिसतो.

पाऊल उमटायला वेळही लागतो. संबंधानंतर आठ दिवसांत रक्त दिले तर 'निगेटिव्ह' येईल, आणि माणूस फसेल. १२ आठवडे थांबून पुन्हा बघावे लागते.

आता हिशेब करू. समजा, कसलाही त्रास नसलेली १००० माणसे तपासली. त्यांतल्या २० जणांना दोन नंबरचा हर्पीस खरोखर आहे. उरली ९८० निरोगी. तपासणी निरोगी माणसांत शंभरी ३ चुकते असे धरले, तर २९ जणांना उगीच 'पॉझिटिव्ह' मिळेल. खरे २०, खोटे २९! आकडे आम्ही समजण्यापुरते घेतले आहेत, पण गोष्ट अशीच घडते. म्हणून त्रास नसताना सरसकट ही तपासणी करू नये, असे जाणते डॉक्टर सांगतात. कागदावर मोजमापाचा आकडा छापलेला असतो. तो हद्दीच्या थोडाच वर असेल, तर दुसऱ्या रीतीने पुन्हा तपासून घ्यावे. 'आयजीएम' नावाच्या तपासणीवर तर भरवसाच ठेवू नये.

फोड आलेला असेल तर गोष्ट निराळी. तो ताजा असतानाच डॉक्टरांना दाखवावा. फोडातले पाणी तपासले की जंतू स्वतःच सापडतो, आणि कोणत्या नंबरचा तेही कळते. खपली धरल्यावर गेलात तर जंतू असूनही सापडायचा नाही. आधी चुना, हळद, मंत्र करत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा. पुष्कळ सरकारी रुग्णालयांत अशा आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. अनुभवी डॉक्टर नुसते पाहूनही औषध सुरू करतात. जंतू अंगातून कायमचा जात नाही, पण गोळ्यांनी फोड लवकर बरे होतात.

गरोदर बाईला असे फोड पूर्वी आले असतील किंवा आता आले, तर तिने ते डॉक्टरांना जरूर सांगावे. बाळंतपणात जंतू मुलाला लागू शकतो, आणि आधी कळले तर त्याला जपता येते. सासूबाईंनी त्या वेळी बाहेर बसावे. सूनबाईला मोकळेपणी बोलू द्यावे.