माशांचे पाणी



स्वच्छ पाणी घालताच काचेच्या पेटीतले मासे मेले, की मुले रडतात आणि आपण म्हणतो, नजर लागली. नजर कसली! नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपल्याला रोगजंतूंपासून वाचवते. पण माशांचे कल्ले त्यानेच पोळतात. म्हणून आपल्या वळमध्ये नळाला पाणी आले, की हंड्यांबरोबर एक बादली माशांसाठीही भरावी. तिला साबण लागलेला नसावा. ती २४ तास उघडी ठेवली, की क्लोरीन बहुतेक उडून जाते. मग पेटीतले पाव हिस्साच पाणी बदलावे. सगळे उपसून खडे घासले, तर घाण पचवणारे उपयोगी जंतूही जातात. काढलेले पाणी तुळशीला घालावे. मुक्या जिवाला दुखणे सांगता येत नाही. ते आपणच ओळखायचे.