जुन्या लॅपटॉपचे स्मृतिदोष : निदान व उपाय

(गडचांदूर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



२२ जून २०१५ रोजी शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतरच्या काळात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत कोठे लोकवर्गणीने, कोठे अन्य साहाय्याने संगणक व लॅपटॉप आले. ती यंत्रे आज दहा वर्षांच्या घरात गेली आहेत. त्यांपैकी एखादे मध्येच बंद पडते, पडदा निळा होतो आणि ते ‘बिघडले’ म्हणून कपाटात जाते. ज्या गावात कापूस विकल्यावरच हाती पैसा येतो, त्या गावाच्या वर्गणीतून आलेली वस्तू पुरती न तपासता टाकून देणे शिक्षकाला शोभत नाही. पुष्कळदा दोष केवळ स्मृतीच्या पट्टीत, म्हणजे ज्याला दुकानात ‘रॅम’ म्हणतात तिच्यात असतो; आणि तो ओळखणे शिक्षकाच्या आवाक्यातील काम आहे.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘मेमरी भरली’ असे म्हणताना बहुधा डिस्क अभिप्रेत असते. डिस्क हे शाळेचे कपाट होय. दप्तर तेथे कायम राहते. रॅम हा वर्गातील फळा होय. चालू तासाचे काम फळ्यावर मांडले जाते व वीज जाताच पुसले जाते. या फळ्याचा आणखी एक विशेष आहे. त्यावरील प्रत्येक अक्षर म्हणजे सूक्ष्म विद्युतभार असून तो सतत गळत असतो; म्हणून यंत्र साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सर्व मजकूर वाचून पुन्हा गिरवते. ही रचना अमेरिकेतील आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली व तिचे पेटंट १९६८ साली मिळाले. ४ जीबीच्या एका पट्टीत असे ३,४०० कोटींहून अधिक कोष असतात. त्यांतील मोजके कोष दुबळे झाले, तरी यंत्र चालू राहते. मात्र अधूनमधून एखादे अक्षर चुकीचे वाचते.

खरा धोका येथेच आहे. बंद पडलेले यंत्र निदान फसवीत तरी नाही; परंतु चालू असलेले सदोष यंत्र गुणपत्रकातील आकडा किंवा विद्यार्थ्याची जन्मतारीख गाजावाजा न करता बदलू शकते. यास्तव स्मृतिदोषाची शंका येताच पहिले काम दुरुस्तीचे नसून दप्तर वाचविण्याचे आहे. महत्त्वाच्या फायली नव्या पेनड्राइव्हवर घ्याव्यात. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये, कारण नक्कल करतानाही मजकूर त्याच सदोष स्मृतीतून जातो. नवी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि दाखल-खारीज नोंदवहीशी काही नोंदी ताडून घ्याव्यात. यू-डायस किंवा अन्य माहिती भरण्याचे काम निदान पूर्ण होईपर्यंत त्या यंत्रावर करू नये.

आता लक्षणे पाहू. चालू केल्यावर पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, किंवा ठरावीक अंतराने ‘बीप’ असा आवाज येतो; निळा पडदा येतो व त्यावरील संदेश प्रत्येक वेळी निराळा असतो; मोठी फाइल उतरविली असता ती उघडत नाही; नवी प्रणाली बसविताना काम दर वेळी निराळ्या जागी अडते; पट्टी ८ जीबीची असून यंत्र ४ जीबीच दाखविते. यांपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसल्यास स्मृतीवर संशय घेण्यास जागा आहे.

परंतु यंत्र केवळ संथ चालत असेल, तर तो बहुधा दोष नसून अपुरेपणा असतो. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. तेथे स्मृतीचा आकडा सतत नव्वद टक्क्यांच्या पुढे राहत असेल, तर एका वेळी थोडे काम उघडावे किंवा रॅम वाढवावी. स्मृती मोकळी असून डिस्कचाच आकडा शंभरावर खिळला असेल, तर रॅमवर केलेला खर्च वाया जाईल. लक्ष डिस्ककडे द्यावे.

वर्गात एखादे मूल उत्तर देत नाही, तेव्हा अनुभवी शिक्षक त्याला लगेच मंद ठरवीत नाही. त्याला ऐकू आले का, फळा दिसला का, प्रश्न समजला का, हे तो एकेक करून पाहतो. यंत्राच्या निदानाचा नियम याहून वेगळा नाही : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, वहीत टिपावा आणि मगच पुढे जावे. एकाच दिवशी रॅम काढली, प्रणाली नव्याने बसविली आणि चार्जरही बदलला, तर यंत्र सुरू झाले तरी दोष कोठे होता हे कळत नाही. तो पुन्हा उद्भवतो.

पहिली पायरी चाचणीची. विंडोजच्या शोधचौकटीत ‘मेमरी’ हा शब्द इंग्रजीत लिहिल्यास ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ हे साधन सापडते. ते निवडल्यावर यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते, चाचणी करते व प्रणाली उघडल्यावर निकाल सांगते. चाचणी चालू असता एफ-१ ही कळ दाबून अधिक कसून तपासणी निवडता येते. त्याहून कठोर परीक्षा हवी असल्यास ‘मेमटेस्ट-८६ प्लस’ हे विनामूल्य साधन पेनड्राइव्हवरून चालवावे व त्याच्या अनेक फेऱ्या होऊ द्याव्यात. या परीक्षेत उत्तीर्णतेचा गुण एकच आहे : शून्य चूक. एक चूक आढळली तरी दोष आहे असेच समजावे.

आपल्या प्रदेशात उष्णतेचाही विचार करणे आवश्यक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापमान वाढले की कोषांतील भार अधिक वेगाने गळतो. म्हणूनच ८५ अंशांहून तापलेल्या चिपला दुप्पट वेळा गिरवावे लागते. सकाळी निर्दोष ठरलेले यंत्र दुपारी चुकते, याचे एक कारण हे असू शकते. चाचणी एकदा सकाळी व एकदा दुपारी घ्यावी. पंखा व हवेची जाळी धुळीने बुजली असल्यास ती आधी साफ करावी. गडचांदूरच्या आसपास चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने आहेत. येथे बारीक धूळ यंत्रात शिरणारच, आणि पावसाळ्यातील दमट हवेत तिचा थर चिकटून बसतो.

दुसरी पायरी पट्टी काढून बसविण्याची. चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर काढावी, आत असेल तर तिची जोडणी सोडवावी, चालू करण्याची कळ १५-२० सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्यावा. नायलॉनचे वा लोकरीचे वस्त्र अंगावर नसावे व हात आधी मोठ्या धातूच्या वस्तूला लावावा. दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी तिरपी वर येते. तिला कडेने धरावे. सोनेरी टोके मऊ, स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावीत व कण झटकून टाकावेत. खाचेतील धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी. तोंडाने फुंकू नये. त्याने ओल जाते. पट्टी तिरपी घालून पूर्ण आत सरकवावी व चिमट्यांचा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबावी. कित्येकदा एवढ्यानेच यंत्र पूर्ववत चालते.

तिसरी पायरी अदलाबदलीची. पट्ट्या दोन व खाचा दोन असल्यास पहिली पट्टी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या खाचेत एकटीच तपासावी, दुसरीही तशीच. एकच पट्टी दोन्ही खाचांत चुकत असेल तर दोष पट्टीचा. कोणतीही पट्टी एकाच खाचेत चुकत असेल तर दोष खाचेचा किंवा मुख्य फलकाचा. चांगली खाच वापरून काम चालू शकते. दोन्ही एकेकट्या निर्दोष, पण एकत्र चुकतात, तर त्या एकमेकींशी जुळत नाहीत. भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद होते. तेथील शिक्षकाला एका चांगल्या पट्टीवर काम चालविता येणे हेच मोलाचे आहे.

नवी पट्टी घेताना जुनी सोबत न्यावी. लॅपटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २०४ व डीडीआर-४ ला २६० टोके असतात. एक दुसरीच्या जागी बसत नाही. डीडीआर-३ मध्ये १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची असे दोन प्रकार आहेत. दुसरीवर ‘एल’ हे अक्षर असते. ज्या यंत्राला १.३५ व्होल्टचीच लागते, त्यात पहिली घालू नये. ३२-बिट विंडोज ४ जीबीहून अधिक स्मृती वापरत नाही, हेही खरेदीपूर्वी पाहावे. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्मृती फलकावरच डाकलेली असते. ते काम कुशल कारागिराचे होय.

काढलेल्या व बसविलेल्या पट्टीची नोंद तारखेसह जडवस्तू नोंदवहीत करावी आणि चाचणीचे टिपण यंत्रासोबत ठेवावे, म्हणजे बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही. सर्व पायऱ्या संपल्यावरही दोष कायम राहिला, तर यंत्राचे निर्लेखन प्रस्तावित करावे. परंतु त्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी, कारण तिच्यात मुलांची माहिती असते. निकाली काढण्याचा निर्णय तपासणीच्या वहीवर आधारलेला असावा, कंटाळ्यावर नव्हे.