शिक्षकांच्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार करण्याची आपल्या संमेलनाची प्रथा जुनी आहे. परीक्षेत वरच्या श्रेणीत आलेली मुले, वैद्यकात, स्थापत्यात, व्यापारात अथवा सरकारी अधिकारपदावर नाव मिळविलेली माणसे आपण व्यासपीठावर बोलावतो, त्यांस शाल व श्रीफळ अर्पण करतो आणि त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापतो. यंदा चालकांनी शिक्षणशास्त्र महाविद्यालयातून शिक्षकाचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या आपल्या भगिनी-बंधूंचा सत्कार योजिला आहे. हा विचार आम्हांस मनापासून आवडला, आणि या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली.

तथापि शिक्षकाचा सत्कार करणे वाटते तितके सोपे नाही. वैद्याने बरा केलेला रोगी आपल्या पायांनी घरी जातो. स्थापत्यविशारदाने बांधलेल्या पुलावरून गाड्या धावतात. व्यापाऱ्याचे यश त्याच्या खातेवहीत दिसते. शिक्षकाचे यश मात्र नेहमी दुसऱ्याच्याच नावावर जमा होते. त्याने शिकविलेला मुलगा पुढे मोठा झाला म्हणजे लोक त्या मुलाचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. मग ज्या महाविद्यालयाचे कार्यच मुळी शिक्षक घडविणे हे आहे, त्याने आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाचा गौरव करावा, व कोणत्या मापाने? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आपणांस थोडे दूर, न्यूयॉर्क शहरी, घेऊन जाणार आहोत. तेथील कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेले टीचर्स कॉलेज हे जगातील अशा महाविद्यालयांत अग्रगण्य समजले जाते.

या महाविद्यालयाचा उगम मोठा बोधप्रद आहे. ग्रेस हॉडली डॉज या सधन घराण्यातील बाईंनी इ. स. १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील कष्टकऱ्यांच्या मुलींना गृहकृत्ये शिकविण्याचे काम हाती घेतले. मुलींना शिकवावयाचे तर शिकविणारे हवेत, आणि शिकविणाऱ्यांना आधी कोणी तरी शिकविले पाहिजे, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून १८८७ साली शिक्षकांसाठी विद्यालय निघाले. १८९२ साली त्यास टीचर्स कॉलेज हे नाव मिळाले आणि १८९३ साली ते कोलंबिया विद्यापीठाशी जोडले गेले. पुढे जॉन ड्यूई कोलंबियात आले, त्यांची व्याख्याने तेथे होऊ लागली, आणि देशोदेशींचे शिक्षक त्या इमारतीच्या पायऱ्या चढू लागले.

या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत जगप्रसिद्ध नावे पुष्कळ सापडतात. अमेरिकेच्या श्रेष्ठ चित्रकर्त्री जॉर्जिया ओ'कीफ १९१४ च्या सुमारास तेथे आर्थर वेस्ली डाऊ यांच्या हाताखाली शिकल्या व नंतर टेक्सासमधील कॅन्यन या लहानशा गावी शिक्षकांच्या विद्यालयात चित्रकला शिकवीत होत्या. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स हे शेजारच्या धर्मशास्त्राच्या विद्यालयातून येथे आले व १९३१ साली डॉक्टर झाले. दुःखी माणसाला उपदेश करण्याआधी त्याचे मनापासून ऐकून घ्यावे, ही त्यांची शिकवण आज जगभर मान्य झालेली आहे. ही नावे कोणत्याही सन्मानफलकावर शोभतील. परंतु चित्रकलेचा व मानसशास्त्राचा गौरव करणारे इतर अनेक आहेत. शिक्षकांच्या महाविद्यालयाचे खरे मोल जोखावयाचे तर अन्य दोन नावे घ्यावी, असे आम्हांस वाटते.

पहिले नाव चीनमधील ताओ शिंगझी यांचे. १८९१ साली आनह्वे प्रांतातील एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१५ ते १९१७ या काळात ते टीचर्स कॉलेजात होते. डॉक्टरची पदवी पुरी न करताच ते मायदेशी परतले. तेथे त्यांस प्राध्यापकपद मिळाले, मान मिळाला. शहरी सुखात आयुष्य घालविणे त्यांस सहज शक्य होते. परंतु चीनमधील बहुसंख्य माणसे खेड्यांत राहतात आणि खेड्यांना शिक्षक नाहीत, ही गोष्ट त्यांस स्वस्थ बसू देईना. १९२७ साली नानजिंग शहराबाहेर श्याओझुआंग येथे त्यांनी खेड्यांतील शाळांसाठी शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. भावी शिक्षकांनी तेथे शेतात राबावे, स्वतःचे अन्न स्वतः रांधावे, गावकऱ्यांच्या अडचणी समजून घ्याव्या आणि त्यांतूनच शिकवावे व शिकावे, असा क्रम होता. शाळेत जीवन आणावे असे गुरू ड्यूई म्हणत. शिष्याने ते सूत्र उलटे फिरवून जीवनालाच शाळा मानले. १९३० साली तत्कालीन सरकारने ते विद्यालय बंद पाडले. तरी ताओ थांबले नाहीत. शिक्षक पुरेसे नाहीत तर ज्या मुलाला चार अक्षरे येतात त्यानेच घरातील आजीला व शेजारच्या गुराख्याला ती शिकवावी, अशी ‘छोट्या गुरुजीं’ची योजना त्यांनी चालविली.

हेच ताओ १९३८ साली परदेशाहून मायदेशी परतत असता आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामी येऊन गांधीजींना भेटले होते. त्याच्या आदल्याच वर्षी वर्ध्यास शिक्षण परिषद भरून नई तालीमची योजना पुढे आली होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असे म्हणणारे दोन देशांतील दोन पुरुष विदर्भातील त्या झोपडीत समोरासमोर बसले, ही घटना महाराष्ट्राने विसरू नये. १९४६ साली ताओ निवर्तले. पुढे १९५१ साली त्यांच्याच देशात त्यांच्या विचारांवर कठोर टीका झाली, आणि कित्येक वर्षांनी त्यांस पुन्हा मानाचे स्थान देण्यात आले. सत्काराची शाल अशी कधी काढून घेतली जाते, कधी पुन्हा पांघरली जाते. ज्या गुराख्याला अक्षर आले त्याचे अक्षर मात्र कोणाला काढून घेता आले नाही.

दुसरे नाव शर्ली चिझम या बाईंचे. वेस्ट इंडीज व ब्रिटिश गियाना येथून मजुरीसाठी न्यूयॉर्कला आलेल्या कृष्णवर्णीय आईबापांच्या पोटी १९२४ साली त्या जन्मल्या. त्यांचे बालपण काही वर्षे बार्बाडोस बेटावर आजीपाशी गेले. पदवीधर झाल्यावर त्या हार्लेम वस्तीतील बालकमंदिरात शिकवू लागल्या आणि दिवसाची नोकरी सांभाळून रात्रीच्या वर्गांना बसून त्यांनी टीचर्स कॉलेजातून बालशिक्षणात एम. ए. ची पदवी मिळविली. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठांत प्रवेश देण्यापेक्षा त्यांना शुल्काचे पैसे देऊन राज्याबाहेर शिकावयास धाडणे पत्करीत, आणि अशा रीतीने आलेले अनेक कृष्णवर्णीय शिक्षकही याच महाविद्यालयात शिकून गेले, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९६८ साली चिझमबाई अमेरिकन काँग्रेसवर निवडून आल्या. तेथे निवडून आलेल्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय स्त्री होत. १९७२ साली त्यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झुंज दिली. त्याच वर्षी त्यांचे कट्टर विरोधक, वर्णभेदाचे पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा स्वकीयांचा रोष पत्करून त्या त्यांस रुग्णालयात भेटावयास गेल्या. पुढे घरकाम करणाऱ्या स्त्रियांना किमान वेतनाच्या कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून १९७४ साली खटपट चालू असता, दक्षिणेकडील मते मिळविण्यास त्याच वॉलेस यांचे साहाय्य झाले. बालकमंदिरातील शिक्षिका समोर बसलेल्या मुलाचे कूळ विचारीत नाही. तीच दृष्टी या बाईंनी कायदेमंडळातही सोडली नाही, असेच म्हणावे लागेल.

आता ताओ ज्या वर्षी न्यूयॉर्कला पोहोचले त्या वर्षी त्याच कोलंबिया विद्यापीठात आपल्याकडील एक तरुण राज्यशास्त्र शाखेत अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होता, हे आपणांस ठाऊक आहेच. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तेथे होते. ते टीचर्स कॉलेजचे विद्यार्थी नव्हेत, परंतु ड्यूई हे त्यांचेही गुरू. १९५२ साली याच विद्यापीठाने त्यांस सन्मान्य डॉक्टरेट देऊन आपल्या माजी विद्यार्थ्याचा गौरव केला. त्या गौरवाचा विचार करताना आमचे मन नेहमी एका शिक्षकाकडे वळते. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे ते शिक्षक होत. बागेत पुस्तक वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, त्यास ग्रंथ दिले, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. केळुसकर दुसऱ्या समाजात जन्मले होते आणि बडोद्याचे महाराजही. शिष्यवृत्ती मिळाली ती अशा दोन परक्या हातांनी. डॉक्टरसाहेबांनीही पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ व १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्यांची दारे सर्वांना उघडी ठेवली.

येथेच आम्हांस जे सांगावयाचे आहे ते येते, आणि ते ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून सांगणे थोडे धाडसाचे आहे. ज्ञातीने उभारलेला निधी ज्ञातीच्या मुलांसाठी असतो. त्यातून वैद्य झाला तर तो अडीअडचणीला आपल्या उपयोगी पडेल, अधिकारी झाला तर आपल्या चार मुलांना वाट दाखवील, असा हिशेब कोणी मनात केला तर त्यास आम्ही दोष देत नाही. परंतु शिक्षकाच्या बाबतीत हा हिशेब जमत नाही. ज्ञातीच्या पैशाने शिकलेली मुलगी उद्या गडचिरोलीस किंवा नंदुरबारास रुजू होईल, तेव्हा तिच्या वर्गातील चाळीस मुलांत आपल्या ज्ञातीचे एकही मूल कदाचित नसेल. मग यात ज्ञातीला काय लाभ, असा प्रश्न कोणी सद्‌हेतूनेही विचारील.

त्यास आमचे उत्तर असे की, येथे बसलेल्या प्रत्येकाने आपल्या शाळेतील शिक्षक आठवावे. ज्यांनी आपणांस बाराखडी दिली, ज्यांनी गणिताची भीती घालविली, ज्यांनी वहीवर लाल शाईने ‘शाबास’ लिहिले, त्यांतील कितीजण आपल्या ज्ञातीचे होते? बहुतेकांच्या बाबतीत हे उत्तर बोटांवर मोजण्याइतके येईल. आपल्या मुलांना परक्यांनी शिकविले म्हणूनच आज हे सभागृह असे भरलेले दिसते. हे ऋण ज्यांचे त्यांना फेडता येत नाही, कारण त्यांतील कित्येक आता या जगात नाहीत. ते फेडावयाचा एकच मार्ग आहे. आपण शिक्षक घडवावा आणि तो ज्याच्या त्याच्या मुलांसाठी मोकळ्या मनाने देऊन टाकावा. ज्ञातीने जगाला द्यावयाच्या देणग्यांत याहून मोठी देणगी आम्हांस सुचत नाही.

म्हणून चालकांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली ही की, शिक्षकांचा सत्कार करताना केवळ प्राचार्य, ग्रंथकार व अधिकारी झालेल्यांचीच नावे न काढता, तीस-तीस वर्षे एकाच शाळेत फळ्यासमोर उभे राहिलेल्यांची नावे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मागवावी. दुसरी ही की, शिष्यवृत्ती-निधीतील एक भाग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. बी. एड. चा अभ्यासक्रम २०१५ साली एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला, तेव्हा गरीब घरावरील भार दुप्पट झाला. शिवाय महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेने नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर काढावयास लावली. शहाण्या मुलीला शिक्षिका होण्याची ओढ असूनही घरचे लोक तिला दुसरीकडे वळवितात त्याचे कारण बहुधा हेच असते. तेवढ्या काळापुरता ज्ञातीने हात दिला तर अनेक उत्तम शिक्षक मिळतील. आणि तिसरी सूचना ही की, अशी शिष्यवृत्ती देताना, तू कोठे शिकविणार व कोणाची मुले शिकविणार, हा प्रश्न अर्जावर असू नये.

सत्कारमूर्तींनो, आपण पुढे काय कराल हे आज कोणी सांगू शकत नाही. आपल्यापैकी एखादी चित्रकर्त्री होईल, एखादा कायदेमंडळात जाईल. तसे झाल्यास आम्हांस आनंदच होईल. परंतु आपल्यापैकी बहुतेकजण वर्गातच राहतील. त्यांची नावे वर्तमानपत्रांत येणार नाहीत. त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. न्यूयॉर्कच्या त्या महाविद्यालयातूनही बाहेर पडलेल्या बहुसंख्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, आणि ते महाविद्यालय उभे आहे ते त्यांच्यावरच.

 सत्कारमूर्तींचे आम्ही सर्वांच्या वतीने मनःपूर्वक अभिनंदन करतो, त्यांच्या हातून उत्तम विद्यादान घडो अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करतो, आणि आपली रजा घेतो.