ओहमचा नियम : पाठांतराच्या पलीकडे



शाळेच्या हीरक महोत्सवात विज्ञानातील एखादा विषय मांडायचा, तर तो शाळेतच जन्मलेला असावा, हे उचित होय. ओहमचा नियम तसा आहे. तो सिद्ध करणारा मनुष्य त्या वेळी कोणत्याही विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. कोलोन शहरातील शाळेत शिकवणारा तो एक शिक्षक होता.

गेओर्ग सिमॉन ओहम यांचा जन्म १७८९ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे तयार करणारे कारागीर. स्वतःच्या उमेदीने गणित शिकलेले आणि मुलांनाही ते शिकवणारे. १८१७ पासून ओहम कोलोनच्या शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवू लागले. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी धातूच्या तारांतून वाहणारी विद्युतधारा मोजण्यास आरंभ केला. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसे. तेव्हा पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबे आणि बिस्मथ या धातूंचा एक सांधा उकळत्या पाण्याच्या व दुसरा बर्फाच्या तापमानाला ठेवला आणि स्थिर दाब मिळवला. मग तारेची लांबी बदलत, धारा मोजत ते नियमापर्यंत पोहोचले. १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले, ते १८४१ मध्ये. आज एका तासात फळ्यावर लिहिला जाणारा नियम मानाला पात्र ठरण्यास चौदा वर्षे लागली.

नियमाचा व्यवहार सोपा आहे. विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो; दोहोंचा गुणाकार केला की विद्युतशक्ती मिळते. घरातील इस्त्री २३० व्होल्टवर ५ अँपिअर धारा घेत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट. ती सलग तासभर तापत राहिली, तर वीजबिलात १.१५ युनिटची भर पडते. दोन मोजमापे हाती आली की न दिसणाऱ्या दोन राशी उलगडतात.

खरी परीक्षा याच्या पुढे आहे. शक्तीची आणखी दोन सूत्रे पाठ्यपुस्तकात असतात : धारेचा वर्ग गुणिले रोध, आणि विभवांतराचा वर्ग भागिले रोध. पहिले सूत्र सांगते, रोध वाढला की शक्ती वाढते. दुसरे सांगते, रोध वाढला की शक्ती घटते. हुशार विद्यार्थीही येथे थबकतो. दोन्ही सूत्रे खरी कशी?

उत्तर सूत्रात नाही, परिपथात आहे. स्थिर काय आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. २३० व्होल्टसाठी बनवलेल्या जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या दिव्याचा पेटता रोध ५२९ ओहम, तर ६० वॅटच्या दिव्याचा सुमारे ८८२ ओहम. घरात दोन्ही समांतर जोडलेले असतात. दोघांना विभवांतर सारखेच मिळते आणि कमी रोधाचा १०० वॅटचा दिवा अधिक उजळतो. तेच दोन दिवे एकसर जोडले, तर दोघांतून धारा एकच वाहते आणि ६० वॅटचा दिवा अधिक उजळतो. दिवे तेच, सूत्रेही तीच. बदलली ती जोडणी.

हा केवळ परीक्षेतला प्रश्न नव्हे. विजेची शेगडी १० अँपिअर धारा घेत आहे आणि सॉकेटमधील एक सांधा ढिला होऊन तेथे अर्धा ओहम रोध निर्माण झाला आहे, असे समजा. त्या सांध्यावर जेमतेम ५ व्होल्ट खर्ची पडतात. शेगडीत फरक जाणवतही नाही. परंतु धारेचा वर्ग १००, गुणिले अर्धा, म्हणजे ५० वॅट उष्णता त्या चिमुकल्या जागी साठू लागते. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते. येथे उष्णता त्याच्या दुप्पट आहे. आणि वितळतार तुटत नाही, एमसीबीही पडत नाही. कारण धारा वाढलेलीच नसते, उलट किंचित घटलेली असते. काळवंडलेले सॉकेट, गरम लागणारा प्लग, जळकट वास ही त्या गणिताची उत्तरे होत. ती वाचता आली, तर आग लागण्यापूर्वी वायरमनला बोलावता येते.

सूत्राच्या मर्यादाही शिकवल्या गेल्या पाहिजेत. थंड दिव्याचा रोध मोजला, तर तो पेटत्या दिव्याच्या रोधाहून कितीतरी कमी भरतो. तापमानाबरोबर धातूचा रोध वाढतो. पंखा किंवा पाण्याचा पंप यांच्या बाबतीत व्होल्ट आणि अँपिअर यांचा नुसता गुणाकार म्हणजे खर्च होणारे वॅट नव्हेत. तेथे शक्तिगुणकाचा विचार करावा लागतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेत ‘रोध’ शिकलेला विद्यार्थी हिंदी पुस्तकात ‘प्रतिरोध’ वाचतो आणि पुढे महाविद्यालयात ‘रेझिस्टन्स’ ऐकतो. शब्द बदलले तरी तो अडत नाही, जर पहिल्या शब्दाबरोबर त्याला अर्थ मिळालेला असेल. सूत्र पाठ करणारा गुण मिळवतो. स्थिर काय आणि बदलते काय, हे विचारणारा घर सुरक्षित ठेवतो. तो प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हे शाळेचे काम. साठ वर्षांनंतरही ते संपलेले नाही.