शीड, वल्हं आणि भाच्याची गाडी



मी आरोंद्याचा. सावंतवाडी तालुक्याच्या टोकाला, तेरेखोल खाडीच्या काठावर आमचं गाव. समोर गोव्याचं किरणपाणी. मधे पूल नव्हता तेव्हा होडीतून पलीकडे जावं लागे, म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून गाडीपेक्षा होडीतलं जास्त कळतं. मीही त्यातलाच. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. वाहन म्हणाल तर एक जुनी स्कूटर. पावसाळ्यात तिला किक मारून मारून माझा गुडघा गेला. अशा माणसाने महागड्या गाड्यांवर बोलावं हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण यंदा पावसाळ्यात हा विषयच माझ्या पडवीत येऊन बसला.

माझा भाचा आला होता. दुबईहून सुट्टीवर आलेला. हातात दोन गोष्टी. एक गाडीचं गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक आणि दुसरा सातबाऱ्याचा उतारा. दोन्ही त्याने माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले.

सातबारा आमच्या माडाच्या बागेचा. वडिलांच्या मागे आम्ही दोघं वारस, मी आणि माझी बहीण. आमच्या शरियतप्रमाणे भावाला दोन वाटे तर बहिणीला एक. त्या हिशेबाने ४५ गुंठ्यांतले १५ गुंठे तिचे. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, पण बाग मीच राखली, माड मीच पाडून घेतले आणि पैसेही मीच घेतले. तिच्या घरी जायचं ते ईदला एक पोतं नारळ. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. भावाकडे वाटा मागितला की माहेर तुटतं, हे आमच्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही, मग धर्म काहीही असो. चार वर्षांपूर्वी ती गेली. आता तो वाटा तिच्या एकुलत्या एक मुलाचा. मोप्याचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि या भागातल्या जमिनीचे भाव आम्ही पूर्वी स्वप्नात ऐकले नव्हते तिथे गेले. भाच्याला वाटप करून हवं होतं, आणि आलेल्या पैशातून हवी होती ती माहितीपत्रकातली गाडी. चार वर्षं वापरलेली, तरीही ७० लाखांची.

तो म्हणाला, "मामू, ही पेट्रोलारय चलता नि विजेरय. घराकडे प्लगाक लावायची."

मी म्हटलं, "आणि उभी खंय करतलंस? आमच्या पाणंदीत?"

आमच्या घराकडे येणारी पाणंद दोन्ही बाजूंनी चिऱ्यांच्या गडग्यांची. या गाड्या जवळजवळ २ मीटर रुंद असतात. आरसे मिटले तरी गडगा पाडल्याशिवाय ती आत येणार नाही. तो हसला. पण त्याचं मन गाडीवरून हललं नव्हतं. मग मी ठरवलं की नुसतं नाही म्हणायचं नाही. ही वस्तू आहे तरी काय आणि तिची किंमत कशात आहे, ते नीट समजून घ्यायचं.

कल्पना तशी नवी नाही. विजेची मोटर आणि पेट्रोलचं इंजिन एकाच गाडीत बसवण्याचा उद्योग फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास करून पाहिला होता. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानात आली आणि 'हायब्रिड' हा शब्द जगभर झाला. पण तिची बॅटरी गाडी चालता चालताच भरायची. घरच्या विजेवर भरता येईल अशी मोठी बॅटरी घालून जी केली ती 'प्लग-इन हायब्रिड'. चीनच्या बीवायडी कंपनीने अशी गाडी २००८ मध्ये बाजारात आणली. मित्सुबिशीची आउटलँडर २०१३ साली तशी निघाली. श्रीमंती गाड्यांत हे तंत्र त्यानंतर झपाट्याने शिरलं. भारतात व्होल्वोने एक्ससी-९० चा असा अवतार २०१६ मध्ये आणला. बीएमडब्ल्यूची एक्सएम डिसेंबर २०२२ मध्ये आली, शोरूमची किंमत २ कोटी ६० लाख. लँबोर्गिनीची उरुस एसई २०२४ मध्ये आली, ४ कोटी ५७ लाखांना. भाच्याची गाडी याच कुळातली, पण धाकट्या घरातली. नाव सांगत नाही.

तिचं काम मला समजलं ते होडीवरून. माझे आजोबा खाडीतून माल नेत. होडीला शीडही होतं आणि वल्हीही. मतलई वारा सुटला की शीड उभारायचं, वारा पडला की वल्ही मारायची. दोन्ही असल्यामुळे माणूस मधे अडकत नसे. प्लग-इन हायब्रिडचंही तेच. पहिले ५०-६० किलोमीटर विजेवर, आवाज नाही, धूर नाही. वीज संपली की पेट्रोलचं इंजिन. निव्वळ विजेच्या गाडीत घाटात बॅटरी संपेल अशी धास्ती असते, ती इथे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या जिल्ह्यात गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात होती. तशा वेळी पेट्रोलवर चालणारी गाडी दारात असली तर माणूस दवाखान्यात पोचेल. शिवाय मोठ्या विजेच्या गाडीत १०० युनिटची बॅटरी लागते तिथे हिचं २० युनिटमध्ये भागतं, म्हणजे लिथियमसारखे धातूही तेवढे कमी लागतात. हे सगळे गुण खरे आहेत आणि मी ते भाच्यापुढे आधी मांडले.

पण आजोबांच्या होडीत एक गोष्ट होती. डोलकाठी, शीड, दोर यांचंही वजन असतंच. जो आळशी माणूस शीड उभारतच नाही आणि सगळी खाडी वल्ह्यावर काढतो, तो शिडाचं ओझंही वल्ह्यावरच ओढतो. युरोपात नेमकं हेच झालं. तिथल्या चाचणीच्या कागदावर या गाड्या लिटरला ५०-६० किलोमीटर देताना दिसतात. युरोपीय आयोगाने रस्त्यावरच्या प्रत्यक्ष गाड्यांमधून माहिती गोळा केली आणि २०२४ साली अहवाल दिला. कागदावर जेवढा कार्बन वायू दाखवला होता, त्याच्या सरासरी साडेतीन पट वायू प्रत्यक्षात बाहेर पडत होता. मुख्य कारण यंत्रात नव्हतं. लोक गाडी प्लगला लावतच नव्हते, निदान चाचणी करणाऱ्यांनी धरलं होतं तितकं तरी नाही.

मग मी वही काढली. कवितेच्या वहीचं शेवटचं पान हिशेबाला चांगलं असतं.

भाच्याची गाडी विजेवर ६० किलोमीटर जाते असं धरलं. म्हणजे सावंतवाडीला जाऊन परत येता येईल. २० युनिटची बॅटरी भरायला वाया जाणारी धरून २२ युनिट लागतील. युनिटला १२ रुपये धरले तर २६४ रुपये. हेच ६० किलोमीटर ती पेट्रोलवर गेली तर लिटरला १० च्या हिशेबाने ६ लिटर, म्हणजे १०५ रुपये दराने ६३० रुपये. रोजची बचत ३६६ रुपये. वर्षातले ३०० दिवस नेमाने प्लग लावला तर एक लाख दहा हजाराच्या आसपास. भाचा खूश झाला.

मी म्हटलं, थांब. आता शेजारच्या मास्तरांची १५ लाखांची साधी पेट्रोलची गाडी घे. ती लिटरला १८ देते. तिला त्याच ६० किलोमीटरला लागतात ३५० रुपये. तुझी गाडी विजेवर चालून मास्तरांपेक्षा रोज वाचवणार ८६ रुपये, वर्षाला २५ हजार ८००. तुझी गाडी मास्तरांच्या गाडीपेक्षा ५५ लाखांनी महाग. हे ५५ लाख वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते मी भागून पाहिलं. २१३. आणि तेच ७० लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेचार लाख घरी बसून मिळतात.

आता धुराचा हिशेब. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन वायू निघतो. आपल्या देशात वीज अजून बहुतेक कोळशावरची. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो. तेव्हा भाच्याची गाडी आमच्या घरच्या विजेवर ६० किलोमीटर गेली तर सुमारे १५ किलो वायू, पेट्रोलवर गेली तर सुमारे १४ किलो. पेट्रोल शुद्ध करताना होणारा धूर धरला तरी फार मोठा फरक नाही. धूर आरोंद्यात होणार नाही, तो चंद्रपूरच्या बाजूला कुणाच्या तरी दारात होईल. मास्तरांची गाडी मात्र ८ किलोच्या आतच भागवते. दोन-अडीच टनांचं धूड हलवायला, ते विजेने हलवा की तेलाने, जोर लागतोच.

हे बदलणार नाही असं नाही. छपरावर ३ किलोवॅटचे सोलर पॅनेल बसवले तर दिवसाला १२ युनिटच्या आसपास मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. दोन दिवसांच्या उन्हात बॅटरी भरते. फक्त आमच्याकडे जूनपासून ऊन रजेवर जातं. सरकारनेही आपला तराजू लावलेला दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून निव्वळ विजेच्या गाड्यांना ५ टक्के जीएसटी आणि या मोठ्या हायब्रिडना ४० टक्के.

म्हणून माझं मत असं झालं. पुण्यातला एखादा माणूस दोन टनांची पेट्रोलची गाडी घेणारच आहे, रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर आहे, घरच्या पार्किंगमध्ये प्लग आहे आणि तो लावायचा कंटाळा नाही, तर त्याने ही घ्यावी. त्याच्यापुरती ती शहाणपणाची. पण पैसे वाचतील किंवा हवा वाचेल म्हणून लहान गाडी सोडून कुणी ती घेत असेल, तर तो स्वतःला फसवतो आहे. ती ऐषारामाची वस्तू आहे, ऐषारामाच्याच नावाने घ्यावी.

हे सगळं भाच्याने ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाला, "मामू, हिशेब माकाय येता. बापाशीन बावीस वर्सां दुसऱ्याची गाडी चलवली. मागच्या शिटीर बसाक कधी गावला नाय तेका."

माझ्या वहीत या वाक्याला रकाना नव्हता. त्याचा बाप आखातात ड्रायव्हर होता. पांढरी गाडी, आणि ती वाळूच्या वादळानंतर दिवसातून तीनदा धुवायची, असं तो सांगायचा. मुलाने तशा गाडीची चावी हातात घेतलेली बघायला तो आज नाही, बहीणही नाही. २१३ वर्षं म्हणताना मला जो विजय वाटला होता, तो तिथेच ओसरला.

आणि दुसरंही कळलं. मी इतका वेळ हिशेब करत होतो तो भाच्याच्या भल्यासाठी, हे खरं. पण मनाच्या तळाशी असंही होतं की गाडी खुळेपणाची ठरली तर वाटप टळेल. माझे माड माझ्याकडेच राहतील. हक्क देताना समोरचा त्याचं काय करणार हे विचारायची सवय आपल्याला लवकर लागते, विशेषतः हक्क बहिणीचा असला की. गाडीची किंमत काढायचा मला अधिकार होता, बहिणीच्या १५ गुंठ्यांवर अट घालायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाटपाच्या अर्जाचे कागद करायला सावंतवाडीला गेलो. मी सही केली. परत येताना वाट वाकडी करून पुलापलीकडे स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं. २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, तेव्हापासून लागलेली आम्हा आरोंदेकरांची ही सवय. पुढे तिथेही कर वाढला, पण पलीकडे अजून चार पैसे स्वस्त पडतं. भाचा मागे बसला होता. पुलावर त्याने विचारलं, "मामू, पंधरा गुंठ्यांत माड किती येतले?" मी म्हटलं, "मोजणी होऊंदे, मगे तूच मोज."

तो परत दुबईला गेला आहे. मोजणी व्हायची आहे. जमीन विकतो की ठेवतो, गाडी घेतो की नाही, मी विचारलेलं नाही. मात्र गावातल्या वायरमनला बोलावून पडवीतला प्लग दाखवला. तो म्हणाला, घराचं वायरिंग जुनं, अर्थिंग धड नाही, एवढा भार घेणार नाही. तेवढं अर्थिंग करून घेतलं आहे. गडग्याचं नंतर बघू.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)