बैलगाडी, टांगा आणि बस

पुण्याहून साताऱ्यास जाणारा हमरस्ता नीरा नदी ओलांडून शिरवळास येतो आणि तेथून खंडाळ्यास पोंचतो. हा खंडाळा बोरघाटांतला, थंड हवेचा नव्हे. हा सातारा जिल्ह्यांतला, खंबाटकी घाटाच्या अलीकडचा. सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव नायगांव याच तालुक्यांत येतें. मोटारींच्या आधीं या मुलुखांत प्रवास म्हणजे बैलगाडी, टांगा, नाहीं तर स्वतःचे पाय. आणि या वाटा सर्वांत अधिक तुडविल्या त्या गांवोगांवच्या महारानें. गांवचा वसूल तालुक्याच्या खजिन्यांत पोंचविणें, सरकारी निरोप पुढच्या गांवीं नेणें, फिरतीवर आलेल्या अंमलदाराचें ओझें उचलणें, परक्यास वाट दाखविणें, हीं त्याचीं वतनाचीं कामें होतीं. त्यानें दुसऱ्याचें ओझें वाहिलें तर कोणास विटाळ होत नसे. मात्र तोच माणूस पदरचें भाडें मोजून गाडींत बसूं लागला, कीं गाडीवानास धर्म आठवे.

याचा एक तपशीलवार दाखला याच सातारा जिल्ह्यांतला आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बालपणांतला आहे. साल १९०१. त्यांचे वडील रामजी खटाव तालुक्यांतील गोरेगांव येथें खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळांत लोकांस काम मिळावें म्हणून तेथें सरकारी तलावाचें खोदकाम चालूं होतें. मुलें साताऱ्यास राहत. उन्हाळ्याच्या सुटींत वडिलांनीं त्यांस बोलावलें. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ व बहिणीचीं मुलें मोठ्या हौसेनें निघालीं. नवे सदरे, चकचकीत टोप्या, रेशीमकांठी धोतरें, नवे जोडे, असा सारा थाट होता. आगगाडीनें त्यांस मसूर स्टेशनावर आणून सोडलें. तेथवर कांहीं अडचण आली नाहीं. आगगाडीच्या तिकिटावर जात छापलेली नसते.

सायंकाळचे पांच वाजले होते. येत असल्याचें पत्र शिपायाच्या विसराळूपणामुळें वडिलांच्या हातीं पडलेंच नव्हतें, त्यामुळें न्यावयास कोणी आलें नाहीं. मुलांचा पोषाख पाहून स्टेशनमास्तर आपुलकीनें विचारपूस करूं लागला. भीमरावानें सरळपणें आपण महार असल्याचें सांगितलें, आणि त्या गृहस्थाचा चेहराच पालटला. तो पाठ फिरवून निघून गेला तो अर्ध्या तासानें परत आला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या. मुलें दुप्पट भाडें द्यावयास तयार होतीं; पण एकहि गाडीवान तयार होईना. शेवटीं स्टेशनमास्तरानेंच तोड काढली. गाडी मुलांनीं स्वतः हांकावी, गाडीवानानें बाजूनें पायीं चालावें. भाडें अर्थातच दुप्पट!

वाटेंत ओढ्याचें पाणी लागलें तें चिखलाचें, बैलांच्या शेणामुतानें घाण झालेलें. पाण्यावांचून शिदोरी घशाखालीं उतरेना. मग सांज ढळली. चार-पांच मैल मुलांनीं गाडी हांकल्यावर तो गाडीवान एकाएकीं उडी मारून गाडींत चढला, त्यानें मुलांच्या हातांतला चाबूक घेतला आणि त्यांच्याजवळ बसून तो स्वतःच गाडी हांकूं लागला. मुलें चकित झालीं. पण विचारण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं.

या साऱ्या हकीकतीचें मर्म त्या उडींत आहे. स्टेशनावर जो विटाळ दुप्पट पैशांनींहि फिटत नव्हता, तो आडवाटेस आपोआप फिटला. असें कां व्हावें? पाहणारें कोणी उरलें नव्हतें, एवढेंच. गाडीवानाच्या मनांत स्पर्शाची भीति असेलहि. पण त्याहून मोठी भीति त्यास शेजारच्या गाडीवानाच्या डोळ्यांची होती. मुलांस घेऊन तो उघडपणें निघता, तर उद्यां त्याच्याच पंक्तीला कोण बसता?

टोलनाक्यावर मुलांनीं मुसलमान असल्याचें सांगावें असा सल्ला मिळाला. भीमराव उर्दूंत बोलला, तरी पाणी मिळालें नाहीं. रात्र तेथेंच काढून दुसऱ्या दिवशीं अकरा वाजतां तीं गोरेगांवास पोंचलीं. पुढें बाबासाहेबांनीं या आठवणी इंग्रजींत लिहून ठेवल्या. त्या पुस्तिकेच्या रूपानें छापल्या गेल्या १९९० सालीं, त्यांच्या निधनानंतर चौतीस वर्षांनीं.

‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द फारसा जुना नाहीं. आयर्लंडमध्यें १८८० सालीं कुळांनीं जमीनदाराच्या बॉयकॉट नांवाच्या कारभाऱ्याशीं सर्व व्यवहार तोडले, त्यावरून तो रूढ झाला. तेथें दुबळ्यांनीं बलवानास वाळीत टाकलें. वंगभंगानंतर १९०५ सालीं विलायती मालावर बहिष्कार पुकारला गेला, त्याचाहि रोख तोच. परंतु मराठी मुलुखांत वाळीत टाकण्याची रीत कित्येक शतकांची आहे, आणि ती जवळजवळ नेहमीं वरून खालीं चालली. बाबासाहेबांनीं १९२७ सालीं काढलेल्या पत्राचें नांव ‘बहिष्कृत भारत’ ठेवलें तें उगीच नव्हे. मुंबई सरकारनें अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यास जी समिति नेमली, तिचे तेहि सभासद होते. १९२९ सालीं एका गांवानें तेथील अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठीं ते खानदेशांत गेले. परततांना चाळीसगांवच्या लोकांनीं त्यांस मुक्कामास आग्रहानें ठेवून घेतलें. स्टेशनावर टांगेवाल्यांनीं त्यांस नेण्याचें नाकारलें. तडजोड निघाली ती पुन्हां मसूरचीच: टांगा मिळेल, टांगेवाला मिळणार नाहीं. ज्यानें कधीं लगाम धरला नव्हता असा एक महार बांधव टांगा हांकावयास बसला. पुलावर चाक अडकलें, बाबासाहेब फरसबंदीवर फेंकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा व टांगा नदींत पडला. बॅरिस्टर झालेला मनुष्यहि टांगेवाल्याच्या दृष्टीनें खालचाच, हें त्यांनीं त्या प्रसंगावरून कटुतेनें नोंदलें आहे.

आतां याच्या उलट चित्र अमेरिकेंतलें. अलाबामा संस्थानांतील मंगमरी शहरांत बसच्या पुढच्या जागा गोऱ्यांसाठीं राखीव, मागच्या काळ्यांसाठीं. आणि पुढें दाटी झाली कीं मधल्या काळ्या उतारूंनीं उठावें असा दंडक. १ डिसेंबर १९५५ रोजीं शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स या बाई उठल्या नाहींत. त्यांस अटक झाली. जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनें रातोरात हजारों पत्रकें काढविलीं आणि ५ डिसेंबरपासून काळ्या वस्तीनें बसमध्यें पाऊल टाकणें बंद केलें. मोलकरणी मैल मैल चालत कामावर गेल्या. ज्यांच्याजवळ मोटारी होत्या त्यांनीं त्या शेजाऱ्यांसाठीं फिरविल्या. २६ वर्षांचे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग पुढारी झाले. ३८१ दिवस हें चाललें, आणि वरिष्ठ न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी होऊन डिसेंबर १९५६ मध्यें लोक हवे तेथें बसूं लागले.

मंगमरीच्या बसमधील सुमारें तीन चतुर्थांश उतारू काळे होते. त्यांचा अपमान करणाऱ्या कंपनीचा गल्ला त्यांच्याच नाण्यांनीं भरत होता. मसूरच्या गाडीवानास त्या मुलांच्या दुप्पट पैशाचा मोह पडला, पण त्यावांचून त्याचें अडलें नसतें. खेड्यांतल्या महारानें गाडी वर्ज्य करावयाची म्हटलें, तर आधीं त्यास गाडींत बसूं कोण देत होतें? त्याच्या हातांत तोडण्यासारखें होतें तें एकच, त्याचें राबणें. १९२७ च्या महाडच्या परिषदेंत मेलेलीं ढोरें ओढण्याचें सोडा असा उपदेश झाला, तो या अर्थानें पाहावा. पण त्याचें उत्तर खेड्यांनीं काय दिलें? वाण्यानें माल बंद केला, मजुरी बंद झाली, रस्ते अडले. दाणे ज्याच्या कणगींत, तो अधिक दिवस तग धरतो. म्हणूनच या मुलुखांत लढा बहिष्काराच्या वाटेनें न जातां तळ्याच्या पायरीवर आणि कायद्याच्या कलमांत लढला गेला. अमेरिकेशीं तुलना करणारे पुष्कळदां हें विसरतात आणि येथील लोकांनीं सोसलें कसें, असा सोपा प्रश्न विचारतात.

एस. टी.ची पहिली गाडी पुणें-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजीं धांवली. अस्पृश्यता अपराध कायदा १ जून १९५५ रोजीं अंमलांत आला, रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या बरोबर सहा महिने आधीं. सार्वजनिक वाहनांत कोणास मज्जाव करणें त्यानें गुन्हा ठरविलें. मसूरचा गाडीवान या कायद्यांत सांपडला असता.   पुढें २०१६ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. तो २०१७ मध्यें लागू झाला. एखाद्याशीं संबंध ठेवूं नका असें फर्माविणाऱ्या पंचास आतां तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्हीहि, होऊं शकतात.