‘डोन्ट’ चालतं, मग ‘डू नॉट’ कशाला?

(नाशिक येथील युवक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेक प्रश्न इंग्रजीचे आहेत. ‘इट इज’चं ‘इट्स’ का होतं? ‘वॉना-गॉना’ बोललं तर चालतं का? एकीने लिहिलंय, ‘मुलाखतीत तोंडच उघडत नाही.’ ही चिठ्ठी सगळ्यांत महत्त्वाची. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत गेलेल्या आपल्या मुलामुलींना काम येतं; अडतं ते दोन वाक्यांवर.

आधी ‘डोन्ट’, ‘इट्स’, ‘आयम’ या आखूड रूपांचं बघू. ही काही एकट्या इंग्रजीची खोड नाही. आपण ‘करतो आहे’चं ‘करतोय’ करतो, ‘नाही आहे’चं ‘नाहीये’. ‘बिस्मिल्लाह’ म्हणताना ‘बि’ आणि ‘इस्म’ जोडले जातात आणि ‘इस्म’चा पहिला स्वर गळतो, अरबीत तिथला अलिफ लिहीतसुद्धा नाहीत. म्हणजे शब्द जोडून आखूड करणं तुम्ही मक्तबात बसलात तेव्हापासून करताय. इंग्रजीत गळलेल्या अक्षराच्या जागी वर एक स्वल्पविराम देतात, एवढंच. त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात.

आता नेहमीचे घोटाळे. ‘इट्स’ दोन आहेत. अपॉस्ट्रॉफी असलेला म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. नसलेला म्हणजे ‘त्याचा, त्याची’. शंका आली की शब्द उलगडून वाचा. ‘इट इज’ वाचून अर्थ लागला तर अपॉस्ट्रॉफी द्या.

दुसरा. ‘आर यू रेडी?’ याला ‘येस, आयम’ असं उत्तर देत नाहीत, ‘येस, आय अ‍ॅम’ म्हणतात. वाक्य तिथेच संपतं, जोर ‘अ‍ॅम’वर असतो आणि जोर असलेला शब्द गिळता येत नाही. ‘नो, आयम नॉट’ मात्र बरोबर, कारण तिथे जोर ‘नॉट’वर गेला.

तिसरा. ‘ही डिडन्ट वेन्ट’. भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने एकदा उचललं, ते ‘गो’वर पुन्हा टाकायचं नाही. म्हणून ‘डिडन्ट गो’. तसंच ‘डझन्ट गो’; ‘डझन्ट गोज’ नाही.

चौथा. ‘शुड हॅव’ भरभर बोलताना ‘शुड ऑव्ह’ ऐकू येतं आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही तसंच चुकीचं लिहितात. तेव्हा चुकलो म्हणून जमिनीत गाडून घ्यायचं कारण नाही.

बोलीभाषेचं काय? ‘माझं डोकं खाऊ नको’ याचा शब्दाला शब्द लावला तर इंग्रज घाबरेल. ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ हा प्रश्न आपल्या ‘शुभ नाव’ आणि ‘इस्म-ए-शरीफ’मधल्या अदबीतून आला. भारतात तो सगळ्यांना कळतो, बाहेर ‘गुड’ गाळा. भाषा एकमेकींकडून उसनं घेतातच. आपल्या दखनीतलं ‘नक्को’ मराठीचं, ‘मैंइच’मधला ‘च’ही मराठीचाच. त्यावरून कुणी हसलं तर हसू द्या. घरात एक, गल्लीत दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा सांभाळणाऱ्याला चौथी जड नाही.

मग ‘वॉना-गॉना’? दोस्तांत खुशाल बोला. मुलाखतीत ‘डोन्ट’, ‘आयम’ अगदी चालतं. उलट प्रत्येक शब्द सुटा बोललात तर पाठ केल्यासारखं वाटतं. अर्जात, बँकेच्या पत्रात मात्र पूर्ण लिहा: ‘डू नॉट’, ‘आय अ‍ॅम’. कायद्याची भाषाही आखूड रूपं टाळते. संविधानाच्या कलम १४ मध्ये ‘शॅल नॉट’ पूर्ण लिहिलंय.

इंग्रजी नोटीस हातात आली तर ‘शॅल’ आणि ‘मे’ हे दोन शब्द आधी शोधा. साधारणपणे ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल आणि ‘मे’ म्हणजे करता येईल. हा फरक न कळल्याने अपिलाची मुदत निघून जाऊ शकते.

आणि हे घरी जाऊन अम्मी-अब्बांनाही सांगा: इंग्रजी येत नाही म्हणून हक्क कमी होत नाही. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. माहिती अधिकार कायदा, २००५, याच्या कलम ६ नुसार महाराष्ट्रात मराठीत अर्ज करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लिहून काढायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. खिडकीवरचा माणूस ‘इंग्रजीत आणा’ म्हणाला तर ही दोन कलमं सांगा.

हक्क मराठीत मागता येतो. नोकरी, उच्च शिक्षण आणि वरच्या कोर्टाचा निकाल वाचायला इंग्रजी लागते. दोन्ही हवं. म्हणून आठवड्यातून एकदा चार-पाच जण जमा. एकाने इंग्रजी बातमी वाचायची, दुसऱ्याने ती मराठीत सांगायची, तिसऱ्याने त्यावर इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची. मुलींना आधी बोलू द्या. आणि एकच नियम पाळा: चूक सांगायची, हसायचं नाही.